म्हणजे तुझं म्हणणं असं की…

*वाचकाचं पत्र*

नमस्कार. माझं वय 44. लग्नाला 19 वर्षं झाली, मुलगी 16 वर्षांची आहे. बोलण्यात मी कुणाला हार जात नाही, ही माझी लहानपणापासूनची ख्याती. शाळेत वादविवाद स्पर्धांत बक्षिसं मिळवली, पुढे नोकरीतही या गुणाचा फायदाच झाला. पण गेली काही वर्षं घरातली माणसं माझ्याशी वाद घालत नाहीत. सुरुवातीला मला वाटलं, पटलं असेल त्यांना. आता तसं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात नवरा म्हणाला, "या रविवारी आईबाबांकडे जायला जरा लवकर निघूया का?" मी म्हणाले, "म्हणजे माझ्यामुळे दरवेळी उशीर होतो आणि तुझ्या आईवडिलांचा अपमान होतो, असंच ना? सरळ म्हण ना मग." थोडा वेळ तो "मी असं कुठे म्हणालो" करत राहिला, मग गप्प बसला. रविवारी एकटाच गेला. दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला तेव्हा कळलं, सासरे हल्ली औषधांमुळे संध्याकाळी सातलाच झोपतात. ते जागे असताना थोडा वेळ मिळावा म्हणून लवकर निघायचं होतं.

त्याच आठवड्यात मुलीला खोली आवरायला सांगितलं. ती म्हणाली, "आत्ता नको, उद्या आवरते." मी म्हणाले, "म्हणजे या घरात मी तुमची नोकर आहे, असं स्पष्ट सांग ना." ती चिडली नाही. शांतपणे म्हणाली, "आई, मी काय म्हणाले ते तू मला सांगू नकोस." तेव्हापासून कामापुरतं बोलते.

मी खोटं बोलत नाही, असं मला मनापासून वाटतं. लोक अर्धवट बोलतात, मी त्यांच्या मनातलं पूर्ण करते. पुष्कळदा माझा नेम बरोबर लागतो. पण ज्या नवऱ्याला मी त्याच्या आणि त्याच्या आईवडिलांच्या मधली अडचण वाटते, जी मुलगी मला तोंडावर खोटारडी म्हणते, त्यांच्याबरोबर राहायचं कसं? जिंकण्यासाठी मी दुसऱ्याचं बोलणं वाढवते हे मला कळतं. हे खोटं बोलणं आहे का? आणि सवय असेल तर या वयात सुटते का?

— एक जिंकणारी

*उत्तर*

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

पत्राच्या वरच्या भागात तुमचे यजमान विचारतात, "जरा लवकर निघूया का?" शेवटाकडे येईपर्यंत तेच गृहस्थ तुम्हाला "मधली अडचण" समजू लागलेत. मुलीचंही तेच. तिचं वाक्य तुम्ही स्वतः अवतरणात दिलंय, "मी काय म्हणाले ते तू मला सांगू नकोस." आणि पुढच्याच परिच्छेदात ती तुम्हाला तोंडावर खोटारडी म्हणालेली आहे! हे लिहिताना समोर कुणी नव्हतं. भांडण चालू नव्हतं, कुणाला हरवायचं नव्हतं. तरीही दोघांची वाक्यं एका पानाच्या आत फुगली. म्हणून "मी हे जिंकण्यासाठी करते" हे तुमचं निदान मला अर्धंच पटलं. उरलेल्या अर्ध्याकडे नंतर येते.

आधी तुमचा थेट प्रश्न. खोटं बोलणं आहे का? तुम्ही "मला असं वाटलं" म्हणता तेव्हा नाही. "तुझं म्हणणं असं की" म्हणता तेव्हा, हो. मजकूर तुमचा आणि खाली सही त्यांची, असा तो कागद असतो. पैशांच्या व्यवहारात असं कुणी केलं तर त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बोलण्यात मात्र आपण त्याला हजरजबाबीपणा म्हणतो आणि शाळेत त्याला बक्षीसही देतो.

आता त्या रविवारच्या वाक्याचं काय झालं ते जरा बारकाईने बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. "जरा लवकर निघूया का?" यात पहिला शब्द "जरा". तो तुमच्या उत्तरात नाहीसा झाला. शेवटचा शब्द "का". म्हणजे तो प्रश्न होता, त्याला "नको, जमणार नाही" असं उत्तर देता आलं असतं. तो आरोप झाला. "या रविवारी" होतं, त्याचं "दरवेळी" झालं. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते "निघूया". मराठीत या एका क्रियापदात "आपण" बसलेला असतो. बोलणाऱ्याने स्वतःला त्यात धरलेलं असतं: आपण दोघं, मीही लवकर तयार होतो. तुमच्या तोंडून ते बाहेर पडलं तेव्हा "आपण" गळून "माझ्यामुळे" राहिलं होतं. आठ शब्दांच्या साध्या प्रश्नात चार बदल, आणि तेही एका श्वासात. कौशल्य म्हणून बघितलं तर थक्क व्हावं असं आहे.

आपली भाषा या कामात फार मदत करते, हेही खरं. एक "च" जोडला की पुरतं. "ऐकलं नाहीस" हे एका प्रसंगाबद्दल असतं, "ऐकतच नाहीस" हे जन्माबद्दल. "विसरलास" चं "विसरतोस" केलं की एका दिवसाची चूक स्वभाव होऊन बसते. "तू" चं "तुम्ही सगळे" करता येतं. तुम्ही मुलीला केलंत की: "तुमची नोकर". खोलीत ती एकटी उभी होती, ताई. शिवाय आपल्याकडे दुसऱ्याचं बोलणं सांगताना त्याच्याच तोंडी वाक्य घालायची पद्धत आहे. "तो म्हणाला, मला तुझा कंटाळा आलाय." ऐकणाऱ्याला वाटतं, जसंच्या तसं सांगतेय. वर आवाज आणि मान त्याच्यासारखी वेळावून दाखवली की शब्द बदलायचीही गरज उरत नाही. मी पाहिलंय, माणसं नुसत्या सुरावर दुसऱ्याचा साधा प्रश्न मूर्खपणाचा करून टाकतात. राईचा पर्वत, तिखटमीठ लावणं, ध चा मा: या उद्योगासाठी भाषेत एवढे वाक्प्रचार आहेत ते उगाच नाहीत.

तेव्हा शोध तुमचा नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, या युक्तीला "छल" असं नाव आहे: समोरच्याच्या शब्दांना त्याला अभिप्रेत नसलेला अर्थ देऊन त्याचं म्हणणं मोडून काढणं. त्याचे तीन प्रकार सांगितलेत. पहिला वाक्छल, म्हणजे शब्दाच्या दोन अर्थांचा फायदा घेणं. भाष्यातलं उदाहरण मजेदार आहे. कुणी म्हणतं, हा मुलगा "नवकंबल" आहे, त्याच्याकडे नवं कांबळं आहे. प्रतिवादी म्हणतो, छे, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसतंय! तिसरा उपचारछल, लाक्षणिक बोलणं अक्षरशः घेणं. तुमचा प्रकार मधला, सामान्यछल: माणूस जे मर्यादेत बोलला ते ताणून इतकं व्यापक करायचं की ते खोटंच ठरावं. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहॉवर याने वादात काहीही करून जिंकण्याच्या 38 युक्त्या लिहून ठेवल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर त्या छापल्या गेल्या. त्यातली पहिलीच युक्ती ही आहे. समोरच्याचं विधान त्याच्या हद्दीबाहेर खेचा, कारण विधान जितकं पसरट, तितकी हल्ल्याला जागा जास्त. स्वतःचं मात्र आवळून धरा. इंग्रजीत याला गवताच्या माणसाशी लढणं म्हणतात. आपण बुजगावणं म्हणू.

न्यायशास्त्राचा आणखी एक भेद तुमच्या उपयोगाचा आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार मानलेत. खरं काय ते शोधण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि छल जल्पात चालतो. स्वतःचं काही न मांडता केवळ दुसऱ्याचं पाडायचं ती वितंडा. शाळेतल्या स्पर्धेला आपण वादविवाद म्हणतो खरं, पण तिथे तुम्ही शिकलात तो जल्प. तिथे ते रास्तच होतं. दोन्ही बाजूंना नियम माहीत होते, घंटा वाजली की संपत होतं आणि हरलेल्याबरोबर संध्याकाळी जेवायला बसायचं नव्हतं.

ही युक्ती जिंकते, हे मान्यच करावं लागेल. का जिंकते, ते मला एका बैठकीत कळलं. पुष्कळ वर्षं झाली. एक सहकारी म्हणाले, "हे आकडे एकदा पुन्हा बघून घेऊया." मी म्हणाले, "म्हणजे आमच्या विभागावर तुमचा विश्वासच नाही!" सगळ्यांनी माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं. पुढची दहा मिनिटं ते बिचारे आमच्या विभागाचं कौतुक करत होते. आम्ही किती मेहनती, किती काटेकोर, त्यांच्या मनात किती आदर. आकडे तसेच राहिले. वाढवून बोलायला एक क्षण पुरतो, ते निस्तरायला समोरच्याला पाच वाक्यं लागतात. आणि त्या पाच वाक्यांत तो जितका अजिजीने बोलतो तितका अपराधी दिसत जातो. "मी असं कुठे म्हणालो" हे वाक्य कुठल्याही सुरात म्हणून बघा, पकडलेल्या माणसाचंच वाटतं. मी त्या दिवशी जिंकले. दोन महिन्यांनी तिसऱ्या रकान्यातली चूक सापडली आणि ती निस्तरायला सलग चार रात्री मलाच बसावं लागलं. त्या सहकाऱ्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. तेही मला टोचलं.

आता उरलेला अर्धा भाग.

तुम्ही लिहिता, लोक अर्धवट बोलतात आणि मी त्यांच्या मनातलं पूर्ण करते. माझा अंदाज उलटा आहे. तुम्ही पूर्ण करता ते तुमच्या मनातलं असतं. "लवकर निघूया का" यात अपमान कुठून आला? यजमानांनी आणला नाही. उशिरा पोहोचल्याची चुटपुट आधीच तुमच्या आत होती. त्यांच्या प्रश्नाचा तिला धक्का लागला आणि ती त्यांच्या आवाजात बाहेर पडली. मुलीच्या "उद्या आवरते" मध्ये नोकर नव्हता. थकवा तुमचा, आणि घरात तो कुणाला दिसत नाही ही खंतही तुमची. दोन्ही खऱ्या असतील, मी नाकारत नाही. पण "मला उशीर होतो याची मलाच लाज वाटते" किंवा "मी आज फार दमलेय" असं म्हणायला जीव जड होतो. त्यापेक्षा ते दुसऱ्याच्या तोंडी घालून मग त्याला झोडपणं सोपं.

यात लबाडी कमी आणि ऐकण्यातली गडबड जास्त आहे, असं मला वाटतं, कारण माणसाची आठवण शब्द फार वेळ धरून ठेवत नाही. ऐकलेल्या वाक्याची नेमकी शब्दरचना अर्ध्या मिनिटाच्या पुढच्या बोलण्यातच पुसट होते आणि आशय तेवढा उरतो, असं 1967 सालच्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं होतं. आशय म्हणजे आपण काढलेला आशय. आणि एकदा त्याला जोरदार शब्द चिकटवला की आठवणही त्या शब्दामागे जाते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली लोकांना गाड्यांच्या टकरीची छोटी चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, एकमेकींना धडकल्या तेव्हा किती होता. आठवड्याने सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? चित्रफितीत काच फुटलेलीच नव्हती. "धडकल्या" ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जण हो म्हणाले. "चक्काचूर" ऐकलेल्या 50 पैकी 16. तुम्हीही "अपमान" हा शब्द उच्चारलात त्या क्षणापासून तुमच्या आठवणीत काचा पडायला लागल्या. पत्र लिहिताना तुम्ही त्या काचाच वेचत होतात.

आणखी एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात बोलणंच नाही. लंडनमधल्या संशोधकांनी 2003 साली प्रसिद्ध केलेला. दोन माणसं समोरासमोर बसवली. एका यंत्राने आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा, नियम एकच: तुम्हाला जेवढा जाणवला तेवढाच परत द्या. दोघांनाही दुसऱ्याला काय सांगितलंय ते माहीत नाही. दाब प्रत्येक फेरीत वाढत गेला. दोघंही प्रामाणिक होते. स्वतः दिलेला दाब मेंदूला कमी जाणवतो, समोरून आलेला पुरेपूर जाणवतो, एवढंच कारण. "मी तेवढंच परत दिलं" असं तुम्हाला वाटतं आणि समोरच्याला ते दुप्पट लागतं, ते दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. पण ताई, तुमच्या घरात आता समोरून दाब येणं थांबलंय. नवरा गप्प बसतो, मुलगी कामापुरतं बोलते. त्यांनी बोट काढून घेतलंय.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट मला सासऱ्यांची वाटली. ते सातला झोपतात ही बातमी त्या दिवशी तुमच्या घरात आली होती. "जरा लवकर निघूया का" च्या पुढचं वाक्य बहुधा तेच असणार. वडिलांच्या म्हातारपणाबद्दल एक माणूस आपल्या बायकोशी बोलायला निघाला होता आणि अशी गोष्ट पुरुष एकदम सांगत नाहीत, आडून येतात. तुम्ही त्यांना अपमानाच्या मुद्द्यावर उभं केलंत. तो मुद्दा त्यांचा नव्हता, म्हणून ते हरले, आणि त्यांचा होता तो आत गेला. तो तुमच्यापर्यंत यायला दोन दिवस आणि एक नणंद लागली. आजवर किती वाक्यांची पुढची वाक्यं अशी आत गेली असतील याचा हिशेब मी मांडत बसणार नाही, तुम्हीही मांडू नका.

"पुष्कळदा माझा नेम बरोबर लागतो," हा तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. लागत असेल. माणसं आडून बोलतात, टोमणा मारतात आणि पकडल्यावर "मी तसं म्हणालोच नाही" च्या आड लपतात. अशा माणसाला आशय उघड करून दाखवणं यात गैर काही नाही. समोरच्याचं म्हणणं पुढे नेऊन "हे मानलं तर मग तेही मानावं लागेल" असं दाखवणं हीसुद्धा रास्त वादाची रीत आहे. फरक एवढाच की तिथे पुढे नेणारा "हे मी पुढे नेतोय" असं सांगतो. "तू असं म्हणालास तर मला त्याचा अर्थ अमुक लागतो, तसंच आहे का?" असं विचारलं की टोमणा मारणाऱ्याला एकतर कबूल व्हावं लागतं किंवा माघार घ्यावी लागते. तुम्ही चढवून बोललात तर त्याला तिसरी वाट मिळते. तुमच्या अतिशयोक्तीकडे बोट दाखवून तो स्वतःचा टोमणा गिळून टाकतो आणि वर साळसूद होतो. म्हणजे नेम बरोबर असतानाही तुमची पद्धत तुमचंच नुकसान करते.

सवय सुटते का? सुटते, पण "यापुढे वाढवून बोलणार नाही" असा निश्चय करून नाही, कारण वाढवताना ते वाढवलेलं आहे हे तुम्हाला कळत नाही. पकडायला काहीतरी हाताला लागेल असं हवं. तुमच्या बाबतीत ते आयतं आहे. दोन्ही प्रसंगांत तुमचं उत्तर एकाच शब्दाने सुरू होतं: "म्हणजे". माझंही त्या बैठकीत त्यानेच झालं होतं. हा शब्द सोडू नका, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह घाला आणि थांबा. "लवकर निघूया का?" "म्हणजे?" बस्स. पुढचं वाक्य त्यांचं. सूर तेवढा सांभाळा, भुवया वर चढवून म्हटलेलं "म्हणजे?" हे वाक्य पूर्ण न करताच फुगवलेलं असतं. जमत नसेल तर "म्हणजे किती वाजता?" म्हणा. तपशील विचारणाऱ्या माणसाला आवाज चढवता येत नाही, हे मी स्वतःवर करून पाहिलंय.

वाद मोठा असेल, खरोखरच मतभेद असतील, तर कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1951 साली एका भाषणात सुचवलेला नियम वापरून बघा. स्वतःचा मुद्दा मांडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं, आणि त्याने "हो, हेच" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्या शास्त्रकारांचा पूर्वपक्ष याच जातीचा: खंडन करायचं तर आधी प्रतिपक्ष नीट मांडा. रॉजर्सने इशाराही दिला होता की ऐकायला सोपा वाटणारा हा नियम पाळायला फार कठीण आहे. माझीही एक पुस्ती. हे दर वाक्याला करू नका, समोरच्याला पोपटाशी बोलल्यासारखं वाटतं. एका भांडणात एकदा पुरे. आणि "हो, हेच" ऐवजी "साधारण तसंच" असं उत्तर आलं तर ते "नाही" समजा.

तरीही फुगलेलं वाक्य सुटेल. 19 वर्षांची सवय आहे, सुटणारच. सुटलं की त्याच दमात म्हणा, "नाही, हे तू म्हणाला नाहीस, हे मी जोडलं." पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडेल. यजमान चमकून बघतील, कदाचित विश्वासही ठेवणार नाहीत, त्यांना वाटेल ही नवी युक्ती आहे. वाटू द्या. आणि रागाच्या प्रसंगाची हकीकत बहिणीला, मैत्रिणीला सांगताना त्यांचं वाक्य आधी जसं होतं तसं सांगायचा प्रयत्न करा. "जरा" आणि "का" सकट. गोष्ट फिकी होईल. ऐकणारी "मग यात एवढं काय?" म्हणेल. म्हणू द्या तिला.

मुलीबद्दल सावध राहा. या वयाची मुलं मोठ्यांच्या लांब माफीला घाबरतात. तुमचा स्वभाव बघता एक भीती मला आहे, स्पष्टच सांगते: तुम्ही तिच्याकडे जाल आणि म्हणाल, "मी नेहमीच तुझं चुकीचं ऐकते, मी आई म्हणून नापास आहे." हेही फुगवणंच झालं. या वेळी स्वतःला फुगवलंत इतकंच, आणि मग "नाही गं आई, असं नाही" म्हणत तुमची समजूत काढायचं काम पुन्हा तिच्याच गळ्यात. म्हणजे परत तीच न बोललेल्या वाक्याचा खुलासा करत बसणार. तेव्हा एका प्रसंगापुरतं बोला. "तू 'उद्या आवरते' म्हणाली होतीस. नोकर हा शब्द माझा होता." एवढं म्हणून खोलीबाहेर पडा. उत्तराची वाट बघत दारात उभ्या राहू नका. खोली आवरली का, हेही त्या दिवशी बघू नका.

यजमानांना मात्र थोडं जास्त लागेल, कारण त्यांच्या गप्प बसण्याला वर्षं झालीत. "मी तुझ्याशी चुकीचं वागले" वगैरे नंतर बोलता येईल. आज त्यांना वडिलांची तब्येत विचारा, औषधं कुठली चालू आहेत, झोप कधीपासून लवकर लागायला लागली ते विचारा. ते तुटक उत्तरं देतील, मधे थांबतील. ती जागा भरू नका.

आणि येत्या रविवारी किती वाजता निघायचं, तेही विचारून ठेवा.